शहाण्णव घाबरलेले मासे

सोमवार, ३ फेब्रुवारी. सकाळी ७.४०

नवी वही. लॅबची अधिकृत नोंदवही वेगळी. ती टेबलावर असते आणि कोणीही येऊन उघडतं. ही फक्त माझी, लॉकरमध्ये राहील. पुढेमागे चौकशी झालीच तर माझ्याकडे सगळं तारीखवार हवं. म्हणून पहिल्यापासून लिहितो.

परिस्थिती: पीएच.डी.चं सहावं वर्ष. ७ मार्चला कमिटी. मुदतवाढ एकदा घेऊन झालीय. रिझल्ट नसले तर दुसरी मिळणार नाही, असं मॅडम म्हणाल्या. (मॅडम म्हणजे गाइड.) म्हणताना माझ्याकडे न बघता पेनाच्या टोपणाकडे बघत होत्या. नोंद केली.

प्रयोग अगदी सोपा. अनोळखी टाकीत सोडलेला झेब्राफिश घाबरतो आणि तळाशी जाऊन बसतो. जरा धीर आला की वर येतो. भीती कमी करणारं औषध दिलं असेल तर लवकर वर येतो. बास. औषधाला अजून नाव नाही, नंबर आहे: ४१७. रोज सकाळी दोन बीकर, अ आणि ब. एकात ४१७, दुसऱ्यात साधं पाणी. कशात काय ते फक्त मॅडमना माहीत. चिठ्ठी पाकिटात, पाकीट त्यांच्या ड्रॉवरमध्ये. मी मासा वीस मिनिटं बीकरमध्ये ठेवायचा, मग नव्या टाकीत सोडायचा, सहा मिनिटं शूट करायचं आणि वरच्या अर्ध्या भागात किती सेकंद होता ते मोजायचं. मला आतलं माहीत नसणं प्रयोगाच्या शिस्तीसाठी असतं. असं म्हणतात.

जानेवारीत वीस माशांवर करून पाहिलं होतं. सुंदर. एका बीकरचे मासे मिनिटाभरात वर, दुसऱ्याचे तीन मिनिटांनी. मॅडम चक्क हसल्या होत्या. आता तेच शहाण्णव माशांवर करायचं. आठवड्याला चार दिवस, रोज आठ मासे, तीन आठवडे. गुणाकार बायकोने पण तपासलाय.

संकल्प:
रोज साडेसातला लॅब.
कोणावरही आंधळा विश्वास नाही.
स्वतःची जाळी.

शेवटच्याचं कारण असं की मागच्या शुक्रवारी माझी जाळी फॉर्म्युलाच्या टेबलावर सापडली. फॉर्म्युला म्हणजे माझी ज्युनिअर. चहात किती साखर विरघळते त्याचाही हिशोब मांडते म्हणून हे नाव. मी विचारलं, तर म्हणाली, दादा, जाळ्या सगळ्यांच्याच असतात की. असतात की! म्हणून काल शोभेच्या माशांच्या दुकानातून स्वतःची आणली. हिरवी, जाड दोऱ्याची, दणकट. लॅबच्या जाळ्या म्हणजे नुसती मलमल. वापरून झाली की प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी लॉकरमध्ये, किल्ली खिशात.

आता बघू कोण काय करतं.

मंगळवार, ४ फेब्रुवारी. दुपारी १.१५

कालचे आठ मासे: वरच्या भागात एकूण ११ सेकंद. एकेकाचे नाही. आठांचे मिळून.
आजचे आठ: ९ सेकंद.
अ तळाशी. ब पण तळाशी. कोपऱ्यात असे चिकटलेत की जणू कोणी डिंकाने लावले.

पहिले दोन दिवस आहेत, सेटल होतील. मी शांत आहे.

बुधवार, ५ फेब्रुवारी. दुपारी ४.००

१४ सेकंद. त्यातले १२ एकाच माशाचे, आणि तो मला आजारी वाटला.

मावशींनी जाळी मागितली. मावशी टाक्या धुतात, पाणी बदलतात, अठरा वर्षं इथे आहेत. लॅबचा नियम असा की वापरलेली जाळी निळ्या बादलीत टाकायची, संध्याकाळी मावशी सगळ्या धुतात. मी म्हटलं, माझी मी बघतो. त्या म्हणाल्या, अरे बाबा, माझं कामच आहे ते, दे इकडे. मी म्हटलं, नको. त्या म्हणाल्या, मग तू धुतोस का? मी म्हटलं, मी बघतो म्हटलं ना.

एवढा आग्रह कशाला? एका जाळीसाठी? बाकी अकरा जाळ्या आहेत की बादलीत.

गुरुवार, ६ फेब्रुवारी. दुपारी २.३०

८ सेकंद.

जानेवारीत चालत होतं, फेब्रुवारीत चालत नाही. मासे तेच, पाणी तेच, औषध तेच, मी तोच. उलट मी जास्त काळजी घेतोय. म्हणजे बाहेरून कोणीतरी काहीतरी करतंय. याला दुसरं शास्त्रीय उत्तर नाही.

शास्त्रीय पद्धतीने यादी केली.
फॉर्म्युला: ६०%
मावशी: २०%
मॅडम (दोन्ही बीकरमध्ये साधं पाणी देत असतील. पण का?): १५%
शेजारच्या लॅबवाले: ५%
मी: ०%

स्वतःला यादीत घातलं. निःपक्षपातीपणा म्हणजे निःपक्षपातीपणा.

रविवार, ९ फेब्रुवारी. सकाळी ११.००

जाळी वीकेंडला घरी आणली. लॉकरला डुप्लिकेट किल्ली असते हे काल लक्षात आलं. ऑफिसमधला क्लार्क म्हणाला, असते, पण ती कुठे आहे ते मलाही माहीत नाही. म्हणजे कोणाला तरी माहीत आहे.

बायको म्हणाली, तुझ्या बॅगेला वास येतोय. मी म्हटलं, कसला? ती म्हणाली, ओला. मेलेला. तू बॅगेत काय ठेवलंयस? मी म्हटलं, कामाचं आहे. ती म्हणाली, ते गॅलरीत ठेव नाहीतर तू गॅलरीत झोप.

बायको चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. दिवसभर लोकांना विचारते, हे स्पष्ट दिसतंय की ते? घरी पण सवय जात नाही. गॅलरीत पिशवी ठेवताना दारात उभी राहून म्हणाली, मागच्या महिन्यात तू बरा होतास की या महिन्यात? नीट बघून सांग.

बॅगेबद्दल ती एवढी का विचारते? (बायको: १%. तात्पुरतं.)

मंगळवार, ११ फेब्रुवारी. सकाळी ९.५०

काल: ७ सेकंद. आज सकाळचे चार: ० सेकंद.

मॅडम मीटिंगला गेल्या होत्या. ड्रॉवर उघडं होतं. पाकीट फोडलं नाही. माझी तत्त्वं आहेत. फक्त खिडकीत उजेडासमोर धरलं. आत घडी घातलेला कागद. घडीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं दिसलं: उजेडासमोर धरू नये.

लगेच ठेवून दिलं.

म्हणजे त्यांना माहीत होतं मी धरणार. म्हणजे माझ्यावर नजर आहे. मॅडम: २५%.

दुपारी ३.००
उरलेले चार: ५ सेकंद.

बुधवार, १२ फेब्रुवारी. दुपारी १.००

६ सेकंद.

फॉर्म्युला आपणहून माझ्याकडे आली. म्हणाली, दादा, तुमच्या टाकीतल्या दोनतीन माशांचे खवले गेलेत, पाहिलंत का? शेपटीजवळ. मी म्हटलं, मारामारी करतात. ती म्हणाली, एवढी? मी म्हटलं, हो, एवढी. ती म्हणाली, बरं. आणि वळून गेली.

माझ्या टाकीत ही डोकावतेच कशाला? लक्ष दुसरीकडे वळवायची जुनी पद्धत आहे ही. खवल्यांकडे बघा, खवल्यांकडे बघा, आणि इकडे खरं काम चालू.

संकल्प: पुरावा.

गुरुवार, १३ फेब्रुवारी. सकाळी ८.१०

पुरावा चालू. जुना मोबाइल हवेच्या पंपामागे लावला, रेकॉर्डिंगवर. माझी टाकी आणि दार, दोन्ही फ्रेममध्ये. मी स्वतः लंच घ्यायला मुद्दाम लांबच्या कॅन्टीनला जाणार, दीड तास. मोकळं रान ठेवायचं.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी. दुपारी १२.००

आज प्रयोग नसतो. दीड तासाचं रेकॉर्डिंग बघायला तीन तास लागले, कारण काही भाग पुन्हा पुन्हा बघितले.

१२.३४: मावशी येतात. पाणी बदलतात. माशांशी बोलतात. सुनेबद्दल. सून भाजी न धुता चिरते. मासे ऐकतात.
१२.५१: मावशी माझ्या टाकीपाशी थांबतात. म्हणतात, तुम्ही का रे असे बावरलेत? तो छळतो का तुम्हाला?
(तो कोण?)
१.०८: फॉर्म्युला येते. सरळ माझ्या टाकीपाशी. वाकते. चाळीस सेकंद वाकलेली. हात दिसत नाहीत!!
१.०९: जाते.
१.४०: मी येतो. लॉकर उघडतो, जाळी काढतो, मासा पकडतो. चार वेळा हुकतो. मी पाठमोरा फार वाकतो असं लक्षात आलं. पाठ सांभाळली पाहिजे.

चाळीस सेकंद. हात दिसत नाहीत. फॉर्म्युला: ७५%.

कालचा स्कोअर: ४ सेकंद.

रविवार, १६ फेब्रुवारी. सकाळी १०.३०

बायकोने फ्रिजवरची यादी बदलून लिहिली. यादीचं नाव ‘सबमिशननंतर’. बेडरूमचा पंखा (कुरकुरतो). माझी अक्कलदाढ. तिच्या बहिणीकडे जाणं. पडदे. सोफा. सहा वर्षांत यादी दोन पानांची झाली. आज तिने ती दुसऱ्या कागदावर स्वच्छ अक्षरात उतरवली आणि म्हणाली, जुना कागद पिवळा पडला होता.

एवढंच म्हणाली. चेहऱ्यावर काही नाही. मी विचारलं, टोमणा आहे का? ती म्हणाली, नाही रे, कागद पिवळा पडला होता.

मग गॅलरीचं दार उघडून पिशवीकडे बघून दार लावलं.

७ तारखेला रिझल्ट नसतील तर त्या यादीचं काय करायचं ते मला माहीत नाही. लिहिलं, कारण ही वही कोणी वाचत नाही.

सोमवार, १७ फेब्रुवारी. दुपारी २.००

नवी स्ट्रॅटेजी: वेग. कोणाला काही मिसळायला वेळच द्यायचा नाही. टाकीतून बीकर, बीकरमधून नवी टाकी, झपकन. जाळी फिरवली की मासा आत, उचलला की बाहेर. माझी जाळी दणकट आहे म्हणून बरं. मलमलीची असती तर फाटली असती.

आठ मासे: ३ सेकंद.

एक मासा टाकीत सोडल्यावर आडवाच झाला. मग उठला. मग कोपऱ्यात गेला, भिंतीकडे तोंड करून.

मी त्याच्याकडे सहा मिनिटं बघत होतो. तो भिंतीकडे बघत होता.

मंगळवार, १८ फेब्रुवारी. दुपारी १.३०

आठ मासे, शून्य सेकंद. सगळ्यांचे मिळून शून्य. आमच्या लॅबच्या इतिहासात असं कधी झालं नाही, असं मॅडम म्हणाल्या. म्हणताना थोड्या प्रभावित झाल्यासारख्या वाटल्या.

बुधवार, १९ फेब्रुवारी. सकाळी ११.२०

कळलं!!!

दात घासताना कळलं. ब्रश तसाच तोंडात ठेवून बायकोला सांगायला गेलो. ती म्हणाली, आधी थुंकून ये.

फॉर्म्युलाचा पीएच.डी.चा विषय काय? भीतीचा वास. माशाच्या कातडीला ओरखडा गेला की त्यातून एक द्रव्य पाण्यात सुटतं. बाकीच्या माशांना त्याचा वास आला की ते गपकन तळाशी. कोणीतरी जखमी झालंय, पळा, असा निरोप. एक थेंब पुरतो. तिच्या फ्रीजरमध्ये त्याच्या बाटल्यांवर बाटल्या आहेत, तारखा घालून, ओळीने.

माझ्या पाण्यात भीतीचं द्रव्य आहे. यात आता तिळमात्र शंका नाही. लक्षणं तंतोतंत. आणि ते लॅबमध्ये एकाच व्यक्तीकडे आहे.

चाळीस सेकंद वाकलेली. हात दिसत नाहीत.

फॉर्म्युला: ९८%. मावशी (मदतनीस): २%. मॅडमना माफ केलं. बायकोला पण.

आजचा स्कोअर विसरलो. शून्यच असणार.

गुरुवार, २० फेब्रुवारी. दुपारी ३.४५

शहाण्णव मासे पूर्ण. शून्य.

दुःख नाही. उलट आता प्रत्येक शून्य म्हणजे एकेक पुरावा. शहाण्णव साक्षीदार आहेत माझ्याकडे.

शेवटच्या माशाला जाळीतून सोडताना बोटाला काहीतरी चिकटलं. चकचकीत, नखाच्या टोकाएवढं. खवला. झटकला.

शनिवार, २२ फेब्रुवारी. संध्याकाळी ६.००

बायकोला सगळी केस मांडून सांगितली. व्हिडिओ दाखवला. चाळीस सेकंदांवर थांबवून झूम केलं.

ती चष्मा लावून बघत राहिली. मग म्हणाली, ती तुझ्या माशांकडे बघतेय रे. मी म्हटलं, तेच तर. ती म्हणाली, नाही, म्हणजे नुसती बघतेय. काळजीने. मी पेशंटच्या डोळ्यात टॉर्च मारून बघते ना, तसं. मी म्हटलं, हात का दिसत नाहीत मग? ती म्हणाली, मागे बांधलेत. टाकीला लागू नयेत म्हणून.

मग व्हिडिओ पुढे नेऊन लावला, १.४० ला. मी येतो तिथे. म्हणाली, हा कोण आहे दरोडेखोर?

मी म्हटलं, मी.

ती म्हणाली, तू असा शिरलास तर मी पण तळाशी बसेन.

हसलो नाही. विषय गंभीर आहे. (बायको: पुन्हा १%.)

बुधवार, २६ फेब्रुवारी. दुपारी १२.३०

लॅब मीटिंग. मांडलं. स्लाइड्स चौदा. शेवटच्या स्लाइडवर नाव नाही घातलं, फक्त ‘ती व्यक्ती’ लिहिलं. खोलीत मॅडम, मी, मावशी आणि ती व्यक्ती, एवढेच होतो.

फॉर्म्युला आधी लाल झाली, मग पांढरी. म्हणाली, दादा, माझ्या बाटल्या मोजून ठेवलेल्या असतात, एक मिलिलिटर पण इकडचा तिकडे नाही, हवी तर वही दाखवते. मी म्हटलं, वह्या कशाही लिहिता येतात. ती म्हणाली, मी तुम्हाला खवले गेलेत म्हणून सांगितलं होतं. मी म्हटलं, हो, का सांगितलंस तेच विचारतोय. ती म्हणाली, जानेवारीत तुमचे रिझल्ट आले तेव्हा मी माझ्या आईला फोन करून सांगितलं होतं की आमच्या दादांचं झालं एकदाचं. मग फळ्याकडे बघत बसली.

मावशी म्हणाल्या, अरे बाबा, शोभतं का तुला?

मॅडम म्हणाल्या, पाण्यात ते द्रव्य आहे हे तुझं बरोबर असू शकतं. (बरोबर! माझं!) आरोप राहू दे. तपासू या. माशांना स्पर्श होणारी प्रत्येक वस्तू स्वच्छ पाण्यात बुडवायची आणि ते पाणी निवांत माशांच्या टाकीत सोडायचं. मी म्हटलं, आंधळी चाचणी हवी. नंबर घाला. कोणती वस्तू कोणाची ते बघणाऱ्याला कळता कामा नये. मॅडम म्हणाल्या, हो, तुझ्या बाबतीत तर नक्कीच.

चार वस्तू: लॅबच्या बादलीतली जाळी. फॉर्म्युलाची जाळी. मावशींचा पाइप. आणि सगळ्यांच्या घ्यायच्या तर तुझी जाळी पण, असं मॅडम म्हणाल्या. देताना पोचपावती घेतली. मॅडमनी सही केली. सहीखाली वेळ घाला म्हटलं, तीही घातली.

उद्या दूध का दूध.

गुरुवार, २७ फेब्रुवारी. सकाळी १०.०५

चाचणी दहा वाजता. चार टाक्या, प्रत्येकीत सहा निवांत मासे. मी पुढच्या खुर्चीत.

सकाळी १०.४०

एक नंबर: मासे फिरतायत. काही नाही.
दोन नंबर: एकाने वळून बघितलं. काही नाही.
तीन नंबर: चार सेकंद. फक्त चार सेकंदांत सहाच्या सहा तळाशी. एकमेकांना चिकटून. मी उभा राहिलो. म्हटलं, बघा! हीच ती! तीन नंबर कोणाचा आहे ते आत्ता जाहीर करा, आणि कमिटीला पण कळवा!
चार नंबर: काही नाही. तो बघायला मी थांबलोच नाही खरं तर.

मॅडमनी चिठ्ठी उघडली.

सकाळी १०.५०

तीन नंबर हिरवी जाळी.

सकाळी ११.३०

मी म्हटलं, कोणीतरी रात्रीत बदलली असेल. मॅडमनी पोचपावती दाखवली. वेळेसकट.

मावशींनी जाळी हातात घेतली, बोटावर घासून बघितली. म्हणाल्या, अरे देवा, हिनं मासे धरतोस? हिनं मी कढई घासेन. मग उजेडात धरली. दोऱ्यांमध्ये खवले. बारीक, चकचकीत, सगळीकडे. तीन आठवड्यांचे. धुतली नाहीस ना एकदाही, म्हणाल्या. विचारलं नाही, सांगितलं.

फॉर्म्युलाने हिशोब केला. कागदावर नाही, तोंडीच, हळू आवाजात. जाड दोरा, प्रत्येक माशाला ओरखडा. ओरखड्यातून द्रव्य. एक मासा दोनदा उचलायचा, म्हणजे ते बीकरमध्ये पण आणि नव्या टाकीत पण. न धुतलेली जाळी ओलीच पिशवीत, म्हणजे कालचा उरलेला निरोप आजच्या माशाला. वेग वाढवला तेव्हा ओरखडे वाढले, म्हणून शून्य. मग थांबली. म्हणाली, दादा, तुमचा अंदाज बरोबर होता. द्रव्य तेच आहे.

ती टोमणा मारत नव्हती. तेच जास्त लागलं.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

काही नाही.

रविवार, २ मार्च. सकाळी ९.००

बायकोला सांगितलं. ती हसेल म्हणून तयारी केली होती. हसली नाही. गॅलरीतून रिकामी पिशवी आणली, दोन बोटांत धरून कचऱ्यात टाकली, हात धुतले. मग माझ्याशेजारी बसली. म्हणाली, त्या मुलीला सॉरी म्हणालास का?

मी म्हटलं, म्हणणार आहे.

ती म्हणाली, सबमिशननंतर का?

सोमवार, ३ मार्च. सकाळी ८.००

सॉरी म्हणालो. फॉर्म्युलाने मान हलवली. म्हणाली, दादा, व्हिडिओ मी घेऊ का? शहाण्णव मासे, एकाच प्रकारे घाबरलेले. मला इतके चांगले घाबरवता येत नाहीत. पेपरमध्ये तुमचं नाव घालेन.

घे म्हटलं.

माझं नाव का घालतेय? काय मिळणार तिला त्यातून? बघावं लागेल.

शुक्रवार, ७ मार्च. दुपारी ४.३०

कमिटी. चार जण, एक जांभई. मी आठ स्लाइड्समध्ये सगळं खरं सांगितलं. जाळी पण दाखवली. मोठे प्रोफेसर म्हणाले, प्रयोग चुकलेला आहे पण चूक व्यवस्थित शोधलीये. मी म्हणणार होतो की शोधली मीच, द्रव्य ओळखलं मीच. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. म्हटलं नाही.

मॅडमनी पाकीट तिथेच उघडलं. अ म्हणजे ४१७, ब म्हणजे साधं पाणी. फार फरक पडत नव्हता. दोन्हींचे मासे सारखेच मेल्यासारखे.

निकाल: तीन महिने. शेवटचे. अट एकच, मॅडमनी लेखी दिलीय: मासे मावशी उचलतील. मी शेजारच्या खोलीत बसून स्क्रीनवर सेकंद मोजायचे.

सहा वर्षं माशांवर काम केलं आणि आता मला माशाला हात लावायची परवानगी नाही. हे मावशींना सांगितलं तर म्हणाल्या, मासे तुझे आभार मानतील.

मंगळवार, ११ मार्च. दुपारी १.००

मावशींनी लॅबची मलमलीची जाळी घेतली. पाण्यात अशी सोडली की पाण्याला कळलं नसेल. मासा आपणहून आत आला. काय बाई काय म्हणत त्यांनी त्याला बीकरमध्ये ठेवलं, वीस मिनिटांनी नव्या टाकीत. मग जाळी निळ्या बादलीत आणि दुसऱ्या माशासाठी दुसरी जाळी.

मी स्क्रीनसमोर. मासा तळाशी गेला. कोपऱ्यात.

५२ सेकंद. मासा हलला. वर बघितलं. वर आला. पाण्याच्या अगदी वरच्या थरात जाऊन एक पूर्ण चक्कर मारली, जशी मोकळ्या मैदानात मारावी. एकूण वेळ वरच्या भागात: १९४ सेकंद. एकट्याचे.

कोणत्या बीकरचा होता ते माहीत नाही. मॅडमनी अ-ब ची नवी चिठ्ठी घातलीय, पाकीट आता कपाटात, कपाटाला कुलूप. विचारलंही नाही मी. (किल्ली त्यांच्या पर्समध्ये, आतल्या कप्प्यात.)

संध्याकाळी ७.१०

घरी सांगितलं. बायकोने फ्रिजवरच्या यादीतला पंखा खोडला. म्हणाली, एक आत्ताच करू या, तीन महिने कशाला थांबायचं. मी स्टुलावर, ती खालून टॉर्च धरून. स्क्रू घट्ट केले. पंखा गप्प झाला.

मग ही वही तिला टेबलावर दिसली. उघडली नाही. नाकाजवळ नेली आणि लांब धरली. म्हणाली, ही पण त्याच लॉकरमध्ये होती ना? वास मारतेय. मी म्हटलं, कसला? ती म्हणाली, तोच. धुवून घे.

वही कशी धुणार?

शेवटचा हिशोब, निःपक्षपाती:
फॉर्म्युला: ०%
मावशी: ०%
मॅडम: २% (पर्स)
बायको: ०%
मी: ९८%. जाळीपुरता.

वहीचा वास कसा घालवायचा ते उद्या मावशींना विचारतो. त्यांना अठरा वर्षांचा अनुभव आहे, त्यांच्याकडे काहीतरी असेल.

नको. वाचतील.